लिलावातलं जुनं व्हायोलिन: फोटो कसा वाचायचा आणि बोली कुठे थांबवायची

दर सप्टेंबरमध्ये ओळखीतल्या कुणाचा ना कुणाचा फोन येतोच. मुलाला शाळेच्या ऑर्केस्ट्रात घेतलंय, व्हायोलिन भाड्याने घ्यावं की विकत? अलीकडे त्यात आणखी एका प्रश्नाची भर पडली आहे. गुडविल या दान आलेलं सामान विकणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या ऑनलाइन लिलावात शंभर वर्षांपूर्वीचं जर्मन व्हायोलिन साठ डॉलरला दिसतंय, घेऊन टाकू का?

हा लेख त्या दुसऱ्या प्रश्नासाठी आहे. मी न्यू जर्सीत राहते. गेली नऊ वर्षं या लिलावांतून जुनी तंतुवाद्यं घेते. जमेल तेवढी दुरुस्ती घरी करते, बाकीची कारागिराकडे नेते. आजवर अकरा व्हायोलिनं, चार मँडोलिन, तीन गिटार आणि एक सतार घरात आली. त्यातली बरीचशी आता कुणाच्या ना कुणाच्या हातात वाजताहेत. एवढ्या खरेदीतून मला एक गोष्ट पक्की कळली. बोलीचा आकडा ही वाद्याची किंमत नसते. वाद्य वाजायला लागेपर्यंत जो खर्च होतो, ती त्याची किंमत. आणि तो खर्च किती येईल हे बहुतेक वेळा फोटोतच दिसत असतं, फक्त कुठे बघायचं ते ठाऊक हवं.

हे लिलाव चालतात कसे

गुडविलची सुरुवात १९०२ साली बॉस्टनमध्ये झाली. एडगर हेल्म्स नावाच्या मेथडिस्ट धर्मोपदेशकाने सुखवस्तू वस्त्यांतून जुने कपडे आणि सामान गोळा केलं आणि गरिबांना ते दुरुस्त करण्याचं काम दिलं. दुरुस्त झालेला माल विकून त्यांची मजुरी निघायची. आजही दुकानांच्या कमाईतून नोकरीचं प्रशिक्षण चालतं. लिलावाचं संकेतस्थळ, शॉपगुडविल, १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीच्या शाखेने सुरू केलं. देशभरातल्या शाखा आपापला माल त्यावर मांडतात.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली म्हणजे विकणारा एक नाही, अनेक आहेत. फोटो कसे काढायचे, खोक्यात कसं भरायचं, हाताळणीचे किती पैसे लावायचे, हे शाखेशाखेला बदलतं. दुसरी म्हणजे वाद्याचं वर्णन लिहिणारी व्यक्ती वाद्यातली जाणकार असेलच असं नाही. सकाळी तिच्या हातात चिनी मातीची भांडी असतात, दुपारी घड्याळं आणि संध्याकाळी व्हायोलिन. म्हणून वर्णनात 'वाजवून पाहिलेलं नाही, आहे तसं' एवढंच लिहिलेलं असतं. माल परत करता येईल असं गृहीत धरू नका. फोटो तुम्ही वाचायचे आणि निर्णयही तुमचाच.

खातं उघडणं, पत्ता भरणं, कार्ड जोडणं हे कुठल्याही ऑनलाइन दुकानासारखंच आहे, त्यावर वेळ घालवत नाही.

आधी दोन आठवडे फक्त बघा

पहिले दोन आठवडे एकही बोली लावू नका. तंतुवाद्यांचा विभाग रोज उघडा, आवडलेली दहा-बारा वाद्यं यादीत टाका आणि ती शेवटी कितीला गेली ते वहीत लिहून ठेवा. सोबत एका ओळीत आपला अंदाज लिहा, की भेग दिसली, घोडी (तारांखाली उभा असतो तो लाकडी तुकडा) नव्हती, पेटी चांगली होती. पंधरा दिवसांत डोळ्याला वळण लागतं. माझी पहिली वही अजून आहे. त्यातले सुरुवातीचे अंदाज आणि खरे भाव यांत कुठेच मेळ नाही, आणि तिसऱ्या पानापासून मात्र बसायला लागतो.

शोधताना नीट नावावर विसंबू नका. 'युकुलेले'चं इंग्रजी स्पेलिंग चुकलेलं पुष्कळदा दिसतं. व्हायोलिन 'फिडल' म्हणून येतं, सतार 'भारतीय गिटार' किंवा 'भिंतीवरची शोभेची वस्तू' म्हणून. ज्याला नाव नीट नसतं ते कमी लोकांना सापडतं.

नवख्याने काय घ्यावं? माझ्या मते पहिलं वाद्य व्हायोलिनच घ्यावं. ते लहान असतं, पाठवायला स्वस्त पडतं, आणि त्याचे बहुतेक सांधे सरसाने जोडलेले असल्यामुळे उघडून पुन्हा जोडता येतात. त्यानंतर सपाट पाठीचं मँडोलिन. गिटार तिसरी, कारण तिच्या दुरुस्त्या महाग. चेलोच्या, म्हणजे बसून वाजवायच्या मोठ्या व्हायोलिनसारख्या वाद्याच्या, नादी दुरून लागू नये, वाहतुकीचा खर्च बोलीपेक्षा जास्त होतो. गोल, भोपळ्यासारख्या पाठीची इटालियन धाटणीची मँडोलिनं फार देखणी असतात, शिंपल्याची नक्षी वगैरे असते आणि स्वस्तात मिळतात. पण त्यांच्या पाठीच्या पातळ पट्ट्या सुटतात आणि आजच्या जाड तारांचा ताण त्यांच्या पोटाला, म्हणजे पुढच्या फळीला, सोसत नाही. पहिली खरेदी म्हणून ती नको.

ऑटोहार्प आणि झिदर ही पुष्कळ तारांची पेटीसारखी वाद्यं ढिगाने दिसतील. त्यांतली बरीच आमच्या जर्सी सिटीतल्या ऑस्कर श्मिट कारखान्यातली आहेत. तीस-पस्तीस तारा बदलायची तयारी असेल तरच त्यांना हात लावा.

व्हायोलिनचा फोटो वाचताना

सगळ्यात आधी माप. लिहिणारे बहुधा शेंड्यापासून बुडापर्यंतची सगळी लांबी देतात. तुम्हाला हवी असते फक्त धडाची, म्हणजे मागच्या फळीची लांबी, मानेजवळचं छोटं अर्धगोल टोक सोडून. मोठ्या माणसाच्या पूर्ण व्हायोलिनचं धड १४ इंच, म्हणजे साधारण ३५५ मिलिमीटर असतं. पाऊण मापाचं सुमारे ३३५. धड साडेपंधरा-सोळा इंच निघालं तर ते व्हियोला, म्हणजे व्हायोलिनचं थोरलं भावंड, आहे. व्हायोलिन म्हणून मांडलेला व्हियोला मी दोनदा पाहिला आहे. मूल दहा-अकरा वर्षांचं असेल तर त्याला कोणतं माप लागतं ते शाळेतल्या शिक्षकांना विचारून मगच शोधायला लागा.

मग चिठ्ठी. एफ-आकाराच्या छिद्रातून आत डोकावलं की कागद दिसतो: 'आंतोनियस स्ट्राडिव्हेरियस, क्रेमोना' आणि खाली सतराशे एकवीस वगैरे साल. सगळ्यात नावाजलेल्या व्हायोलिन कारागिराचं हे नाव वाचून हृदयाचा ठोका चुकतो, माझाही चुकला होता. ही चिठ्ठी म्हणजे 'स्ट्राडिव्हेरियसच्या नमुन्यावर बनवलेलं' एवढाच निरोप आहे. जर्मनीतलं मार्कनॉयकिर्खेन, आज चेक प्रजासत्ताकात असलेलं शोनबाख आणि फ्रान्समधलं मिरकूर या गावांनी अशी व्हायोलिनं लाखांनी बनवली. मार्कनॉयकिर्खेनमधून अमेरिकेत एवढी वाद्यं यायची की तेवढ्यासाठी अमेरिकेने त्या लहानशा गावात आपलं कॉन्सुलर कार्यालय उघडलं होतं. सीअर्स या बड्या अमेरिकी दुकानाच्या टपाली कॅटलॉगमधून गज आणि पेटीसह ती शेतकऱ्यांच्या घरांपर्यंत पोचली. आज लिलावात येतात ती बहुतेक तीच, कुणाच्या तरी आजोबांच्या माळ्यावरून उतरलेली.

चिठ्ठीतल्या खऱ्या कामाच्या गोष्टी वेगळ्याच असतात. १८९० च्या मॅकिन्ले कायद्यानंतर, म्हणजे १८९१ पासून, अमेरिकेत येणाऱ्या मालावर मूळ देशाचं नाव घालावं लागू लागलं. त्यामुळे चिठ्ठीवर 'जर्मनी' छापलेलं असेल तर वाद्य त्यानंतरचं. 'चेकोस्लोव्हाकिया' असेल तर १९१८ नंतरचं, कारण तोवर तो देशच नव्हता. 'ऑक्युपाइड जपान' असेल तर दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकी ताब्याच्या वर्षांतलं, १९५२ च्या आतलं. नागोयाच्या सुझुकी कारखान्याची चिठ्ठी दिसली तर थांबून बघा. तिच्यावर माप आणि बऱ्याचदा सालही छापलेलं असतं, आणि शाळकरी मुलांसाठी ती वाद्यं भरवशाची निघतात.

आता मागची फळी. इथे सावकाश जायला हवं, कारण माझा सगळ्यात महागाचा धडा इथलाच आहे. पहिल्या खरेदीत मी चिठ्ठी बघून १४० डॉलरपर्यंत बोली नेली. व्हायोलिन आलं, सुंदर होतं, मधासारख्या रंगाचं. कारागिराने ते हातात घेतलं, उलटं केलं, खिडकीच्या उजेडात तिरपं धरलं आणि मला बोटाने एक रेघ दाखवली. मागच्या फळीत साउंडपोस्टच्या जागी उभी चीर होती. साउंडपोस्ट म्हणजे पोटात पुढच्या आणि मागच्या फळीमध्ये दाबून उभी केलेली काडी. तारांचा सगळा भार तिच्यातून मागच्या फळीवर उतरतो, म्हणून तिथली चीर नुसती चिकटवून भागत नाही. आतून लाकूड कोरून नवं लाकूड बसवावं लागतं, आणि त्याला व्हायोलिनच्या किमतीच्या कितीतरी पट मजुरी पडते. घरी येऊन मी लिलावातला फोटो पुन्हा उघडला. चीर त्यात होती. मी ती लाकडाची रेषा समजले होते.

तेव्हापासून मी मागच्या फळीचा फोटो असा बघते. मेपल लाकडाच्या वाघपट्ट्या फळीवर आडव्या जातात, भेग नेहमी उभी, रेषेच्या दिशेने जाते. आडव्या पट्ट्यांना कापत जाणारी उभी काळपट रेघ दिसली की फोटो मोठा करायचा. बरोबर मध्यावरची उभी रेघ घाबरण्यासारखी नसते, तो दोन तुकड्यांचा सांधा असतो. धोका आहे तो मागून पाहताना मध्याच्या डाव्या बाजूला, एफ-छिद्रांच्या मधल्या खाचांच्या पातळीपासून किंचित खाली. तिथे रेघ असेल तर वाद्य सोडून द्या, कितीही स्वस्त असलं तरी.

पुढच्या फळीवर तशीच धोक्याची जागा घोडीच्या उजव्या पायाखाली आहे. डाव्या पायाच्या रेषेत वरपासून खालपर्यंत जाणारी लांब चीर बास-बारची (पुढच्या फळीला आतून चिकटवलेल्या लांब पट्टीची), तीही महाग. मात्र कडेला फळी आणि बरगडी, म्हणजे बाजूची पट्टी, यांच्यामध्ये फट दिसली तर खूश व्हा. तिथला सरस सुटलेला असतो, आणि तो मुद्दाम सुटावा असाच लावलेला असतो, म्हणजे हवा कोरडी पडली की लाकूड फाटण्याआधी सांधा उघडतो. कारागीर गरम सरस लावून, चिमटे लावून ती फट बंद करून देतो. ही फट बघून बरेच लोक बोली सोडून जातात आणि तिथेच चांगलं वाद्य कमी भावात मिळतं.

घोडी पडलेली आहे, तारा नाहीत, साउंडपोस्ट पोटात खडखडतोय, ही सगळी किरकोळ कामं. खुंट्यांच्या डबीत, म्हणजे मानेच्या टोकाशी जिथे खुंट्या बसतात तिथे, खुंटीच्या भोकातून निघालेली चीर मात्र किरकोळ नव्हे. फळीच्या कडेने जाणारी दुहेरी काळी रेघ कोरून बसवलेली आहे की शाईने काढलेली, हेही बघा. झिजलेल्या कोपऱ्यावर ती पुसट झाली असेल तर शाईची. वाद्य साधं आहे एवढाच त्याचा अर्थ, वाईट आहे असा नाही.

आणि गज. पेटीत दोन गज असतील तर दोघांच्याही टोकांचे फोटो मागवा. कधीकधी व्हायोलिनपेक्षा गज मोलाचा निघतो. काडीवर, पकडीच्या जरा वर, शिक्का असतो. केस तुटलेले असतील तर काळजी नको, आमच्याकडे साठ ते शंभर डॉलरमध्ये नवे केस भरून मिळतात. पण टोकाशी काडी मोडून चिकटवलेली असेल तर त्या गजाला फारसं मोल उरत नाही. केस एकाच बाजूने कुरतडल्यासारखे तुटलेले दिसले तर पेटीत कीड आहे असं धरून चाला. अशी पेटी घरात आणण्याआधी बाहेर उन्हात उघडी ठेवायची आणि आतलं अस्तर झाडून साफ करायचं.

गिटार आणि मँडोलिन

गिटारीत एकच प्रश्न आधी विचारायचा. तारा बाराव्या पडद्यावर पट्टीपासून किती उंच आहेत? जुन्या गिटारीची मान वर्षानुवर्षांच्या ताणाने पुढे झुकते. बाजूने काढलेला फोटो नसेल तर मागवा. ब्रिजवरची (गिटारीच्या घोडीवरची) पांढरी सॅडल, म्हणजे तारा टेकतात ती पट्टी, आधीच घासून जवळजवळ संपलेली आणि तरीही तारा उंच, असं दिसलं की मान उतरवून नव्या कोनात बसवावी लागणार, म्हणजे चारशे ते सातशे डॉलर. मार्टिनच्या गिटारीवर तो खर्च शोभतो, साध्या गिटारीवर नाही.

मार्टिन कंपनी पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथ गावची. १८९८ पासून त्यांनी ८००० या आकड्यापासून अनुक्रमांक घालायला सुरुवात केली. ध्वनिछिद्रातून आत पाहिलं की मानेच्या ठोकळ्यावर तो आकडा दिसतो आणि त्यावरून साल काढता येतं. १९३० च्या दशकात गिब्सन या दुसऱ्या गिटार कंपनीने 'कॅलमझू' या नावाने स्वस्त वाद्यं काढली. मिशिगनमधल्या कॅलमझू शहरात गिब्सनचा कारखाना होता, तेच नाव. त्यांत मानेत आधाराची समायोज्य सळई नसते, पण लाकूड आणि कारागिरी त्याच कारखान्याची.

तुम्हाला सगळ्यात जास्त दिसतील त्या हार्मनीच्या गिटारी. शिकागोच्या या कारखान्याने १९७५ पर्यंत सीअर्ससाठी आणि स्वतःच्या नावाने प्रचंड माल काढला. सीअर्सच्या मालावर 'सिल्व्हरटोन' असं नाव असायचं. आत शाईचा शिक्का असतो: एफ किंवा एस हे अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे, उदाहरणार्थ एफ-६२. सॉव्हरिन नावाच्या मोठ्या गिटारीला पुढे अस्सल स्प्रूस आणि बाजू-पाठीला अस्सल महोगनी आहे, थर चिकटवलेला प्लायवुड नाही. ब्रिजच्या मागे पोट फुगलेलं आहे का आणि ब्रिजखाली कागद सरकेल एवढी फट आहे का, एवढं पाहून घ्या. फुगवटा थोडा असेल तर ती वाद्याच्या वयाची खूण आहे. ब्रिज उचलला गेला असेल तर तो खर्च हिशेबात धरा.

मँडोलिनमध्ये सपाट किंवा किंचित कोरलेल्या पाठीचं, लंबगोल छिद्राचं वाद्य बघा. आठ तारांचा ताण मोठा असतो, म्हणून घोडीच्या खाली पोट दबलंय का ते बाजूच्या फोटोत तपासा. नव्या तारा बारीकच घालायच्या, पहिली दहा हजारांश इंचाची.

सतार दिसली तर

हा भाग मनाजवळचा आहे. १९६७ मध्ये रविशंकर माँटरेच्या महोत्सवात वाजवून गेले आणि पुढची काही वर्षं अमेरिकेत सतारींची हौस पसरली. त्या वेळी घेतलेल्या सतारी आता घरं रिकामी होताना दान होतात. पर्यटकांसाठी बनवलेली शोभेची सतार आणि वाजवायची सतार यांतला फरक फोटोत कळतो. वाजवायच्या सतारीचे पडदे जाड, बाक असलेले आणि रेशमी दोऱ्याने बांधलेले असतात, तरफांच्या, म्हणजे खालच्या झंकारणाऱ्या बारीक तारांच्या, खुंट्या दांडीच्या बाजूला एका ओळीत असतात, जवारी, म्हणजे सतारीची घोडी, रुंद असते. शोभेच्या सतारीत नक्षी भरपूर आणि पडदे तारेसारखे बारीक.

भोपळ्याचा मागून काढलेला फोटो हवाच. वाहतुकीत पहिला जातो तो भोपळा. मी घेतलेल्या सतारीचा भोपळा आधीच तीन ठिकाणी तडकलेला होता, म्हणून ती ९० डॉलरला मिळाली. इथे ते काम करणारं कुणी जवळ मिळेना. दोन वर्षांनी ती सामानातून मिरजेला नेली. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण तिथल्या गल्लीतल्या कारागिरांकडे पिढ्यान्‌पिढ्या लोक वाद्यं घेऊन येताहेत. मंगळवेढा-पंढरपूर भागातले वाळवलेले भोपळे छताला टांगलेले होते. कारागीरकाकांनी माझा भोपळा बोटाच्या पेराने ठोकून पाहिला, आतून कापडाची पट्टी आणि सरस लावू म्हणाले, आणि मग जवारीवर कान ठेवून एकच तार छेडली. "हिला बरेच दिवस कोणी छेडलेलं नाही," एवढंच बोलले.

विचारायचे प्रश्न

लिलाव संपायच्या तीन-चार दिवस आधी विचारा, शेवटच्या दिवशी उत्तर येत नाही. वस्तूचा क्रमांक घाला आणि जास्तीत जास्त तीन गोष्टी मागा. धडाची लांबी किती, मागच्या फळीचा उजेडातला फोटो आणि मानेचा बाजूने फोटो. लांबलचक पत्राला उत्तर मिळणं कठीण. तांत्रिक शब्द टाळा. साउंडपोस्ट आहे का असं विचारण्यापेक्षा 'हलवल्यावर आत काही वाजतं का' असं विचारलं की उत्तर अचूक येतं.

हिशेब, बोलीच्या आधी

माझ्या एका खऱ्या खरेदीचा हिशेब देते. व्हायोलिनची बोली ६१ डॉलर. पाठवणी २४, हाताळणी ५, कर सुमारे ६. घरी आलं तेव्हा झाले ९६. मग कारागिराकडे नवी घोडी, साउंडपोस्ट बसवणं, दोन सांधे चिकटवणं, खुंट्या नीट फिरतील अशा करणं, तारांचा संच, गजाचे केस, मिळून २७०. एकूण ३६६ डॉलर. त्या पैशात माझ्या लेकीला दुकानातल्या त्याच किमतीच्या नव्या व्हायोलिनपेक्षा कितीतरी खोल आवाजाचं वाद्य मिळालं. पण कुणी मला ते '६१ डॉलरचं व्हायोलिन' म्हटलं तर मी दुरुस्त करते.

म्हणून बोली लावायच्या आधी कागदावर उलटा हिशेब मांडा. वाजतं वाद्य म्हणून जास्तीत जास्त किती द्याल? त्यातून फोटोत दिसणारी दुरुस्ती वजा करा. न दिसणाऱ्या दुरुस्तीसाठी आणखी शंभर वजा करा. पाठवणी, हाताळणी, कर वजा करा. पाठवणीचा आकडा त्याच पानावर आपला पिनकोड टाकून आधी बघता येतो. उरलं ते तुमची बोली. पुष्कळदा ती शून्याखाली येते, आणि तेव्हा वाद्य सोडून द्यायचं. आपल्या गावातला व्हायोलिन दुरुस्त करणारा आधी शोधून ठेवा आणि त्याचे दर विचारून ठेवा, नाहीतर हा हिशेब होतच नाही.

बोली

तुम्ही सर्वाधिक रक्कम टाकता आणि यंत्रणा गरजेपुरतीच ती वर नेते. त्यामुळे आधीपासून पाच-पाच डॉलर चढवत बसण्यात काही हशील नाही, त्याने भाव फक्त वाढतो. कागदावरचा आकडा शेवटच्या मिनिटात एकदाच टाका. गोल आकडा टाळा, ६० ऐवजी ६३ लिहा. दोघांचे आकडे जवळ आले की तिथे निकाल लागतो. शेवटच्या क्षणी बोली आली म्हणून मुदत वाढत नाही. वेळ पॅसिफिकची असते, म्हणजे तिथले संध्याकाळचे सात आमच्या पूर्व किनाऱ्यावर रात्रीचे दहा.

हरलात तर तो आकडा वहीत लिहा आणि झोपा. तसंच व्हायोलिन पुढच्या महिन्यात पुन्हा येतं.

खोकं

जिंकल्यावर त्याच रात्री शाखेला दोन ओळी लिहून एवढं सांगा: तारा सैल करा पण काढू नका. पेटीत मानेखाली आणि शेंड्याभोवती कागदाचे बोळे भरा, वाद्य पेटीत हलता कामा नये. शाखा गाडीने जाण्याजोगी असेल आणि स्वतः नेण्याची सोय असेल तर मी दोन तासांचा प्रवास करूनही आणते. एका मँडोलिनची मान वाटेत मोडली होती, कारण पेटीच्या आत काहीच भरलेलं नव्हतं, सगळे बुडबुड्यांचे कागद पेटीच्या बाहेर होते. खोकं उघडतानाचे फोटो काढा, पेटी उघडण्याआधीचेही.

हस्तिदंताबद्दल एक सूचना. मार्टिनच्या १९१८ पूर्वीच्या काही गिटारींवर आणि जुन्या गजांच्या टोकांवर हस्तिदंत असतं. न्यू जर्सीत २०१४ पासून त्याच्या विक्रीवर बंदी आहे. ब्राझिलियन रोजवुड १९९२ पासून सर्वात कडक आंतरराष्ट्रीय यादीत आहे. असं वाद्य भारतात नेताना परवान्याशिवाय सीमा ओलांडू नका. घरी वाजवायला अडचण नाही.

घरी आल्यावर

थंडीच्या दिवसांत खोकं आलं तर लगेच उघडू नका. गेल्या जानेवारीत माझं मँडोलिन आलं तेव्हा बाहेर उणे आठ होतं आणि खोक्याचा पुठ्ठा हाताला बर्फासारखा लागत होता. गोठलेलं पॉलिश एकदम उबेत आलं की त्यावर जाळीसारख्या बारीक चिरा पडतात. खोकं तसंच बंद, स्वयंपाकघरापासून दूर रात्रभर ठेवलं. सकाळी उघडलं तेव्हा आधी डांबरगोळ्यांचा वास आला, मग जुन्या मखमलीचा. पेटीच्या कप्प्यात एक प्लेक्ट्रम, म्हणजे तारा छेडायची चकती, होतं, एका कोपऱ्याला अंगठ्याने झिजून पातळ झालेलं. तारांखाली पट्टीवर पहिल्या तीन पडद्यांच्या मध्येच लाकूड खोलगट झालं होतं. म्हणजे आधीचा माणूस सोप्या सुरावटी वाजवत होता आणि पुष्कळ वर्षं वाजवत होता.

पहिल्या दिवशी सुरात लावू नका. जुन्या तारा एकदम सगळ्या न काढता एकेक करून बदला, म्हणजे घोडी जागची हलत नाही आणि व्हायोलिन असेल तर साउंडपोस्ट पडत नाही. पहिला आठवडा अर्धा-पाऊण सूर खाली ठेवा आणि रोज सकाळी पोट, मान आणि सांधे बघा. खोलीत ओलावा ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास ठेवा, हिवाळ्यात हीटर चालू असतो तेव्हा पेटीत ओल धरणारी नळी ठेवावी लागते. कोरडं पॉलिश चमकवायला घरातलं कुठलंही तेल किंवा फर्निचरचं पॉलिश लावू नका, मऊ सुती कापड जरासं ओलं करून पुसा. आठव्या दिवशी पूर्ण सुरात आणा आणि तासभर तसंच ठेवून मग पुन्हा एकदा घोडीखाली कागद सरकतो का ते बघा.